साइड-बाय-साइड गाडी घ्यायची, पण कामाची की मजेची? आधी गल्ला मोजा, मग एचपी



ऑफ-रोड गाड्यांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकाच धाटणीचे मेसेज येताहेत. "दादा, रस्त्याला लागून चार एकर जागा आहे. ती पिंजऱ्यासारखी चारचाकी आणून राइड सुरू करायची आहे. आईच्या नावावरची जमीन तारण ठेवली की पैसे उभे राहतील. कुठलं मॉडेल घेऊ?"

जिथे आईची जमीन तारण जाणार आहे, तिथे मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी ही गाडी तुमच्याकडे कोणतं काम करणार ते ठरवायचं. या गाड्यांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, एक राबायला बनवलेला आणि दुसरा उड्या मारायला. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून माणूस फसतो. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सगळं नीट, आकड्यांसकट मांडतोय. कागद-पेन घेऊन बसा.

आधी गाडी ओळखून घेऊ

समुद्रकिनारी किंवा हिल स्टेशनला मोटरसायकलसारखी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची जी चारचाकी दिसते, ती एटीव्ही. तिला हँडल असतं. साइड-बाय-साइड, म्हणजेच यूटीव्ही, ही वेगळी. हिच्यात ड्रायव्हर आणि प्रवासी शेजारी-शेजारी बसतात. जीपसारखं स्टिअरिंग, पायात ब्रेक-ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट आणि डोक्यावर लोखंडी पाइपचा पिंजरा. त्या पिंजऱ्याला रोल केज म्हणतात. गाडी उलटली तर आतली माणसं चिरडू नयेत म्हणून तो असतो, शोभेसाठी नाही.

जन्माने ही शेतकऱ्याची गाडी आहे. कावासाकीचं म्यूल १९८८ साली आलं, जॉन डिअरचं गेटर १९९० च्या दशकात आणि पोलारिसचं रेंजर १९९८ मध्ये. मोठ्या शेतांवर, गुरांच्या कुरणात, कुंपणाच्या कामाला छोटं वाहन हवं म्हणून ही यंत्रं निघाली. मग लोकांच्या लक्षात आलं की रविवारी हीच गाडी डोंगरात नेली तर मजाही येते. २००३ च्या सुमारास यामाहाने ऱ्हायनो आणली. २००७ मध्ये पोलारिसने आरझेडआर आणली आणि "फक्त मजेसाठी" असा नवा वर्गच उभा राहिला. कामाची ती युटिलिटी, मजेची ती स्पोर्ट, ही विभागणी तेव्हापासून पक्की झाली.

एकाच घरातले दोन भाऊ

फरक समजायला पोलारिसच्याच दोन गाड्या घेऊ. रेंजर एक्सपी १००० ही युटिलिटी आणि आरझेडआर एक्सपी १००० ही स्पोर्ट. दोन्हींचं इंजिन ९९९ सीसीचं, दोन सिलिंडरचं. तरी एक भाऊ हमाल आणि दुसरा पैलवान.

- ताकद: रेंजर ८२ एचपी, आरझेडआर ११० एचपीच्या आसपास. सीसी तेवढेच असून एचपी वेगळे, कारण ट्यूनिंग वेगळं आहे. युटिलिटीचं इंजिन कमी आरपीएमला जोर लावेल असं बांधतात. स्पोर्टचं इंजिन पिळून काढलं की रंगात येतं.
- हौदा: रेंजरच्या मागच्या हौद्यात १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो माल बसतो आणि हौदा तिरका करून ओतताही येतो. आरझेडआरची मागची जागा ३०० पौंडांची, म्हणजे १३५ किलोच्या आसपास. २० किलोचा आंब्याचा क्रेट धरला तर एकीत २२ क्रेट, दुसरीत ६.
- ओढायची ताकद: रेंजर २,५०० पौंड, म्हणजे अकराशे किलोच्या वर ओढते. स्पोर्ट गाडी ट्रॉली ओढण्यासाठी नसतेच.
- शॉकअप: रेंजरचं चाक साधारण ११ इंच वर-खाली होतं, आरझेडआरचं १६ ते १८ इंच. खड्ड्यांतून पळवायचं असेल तर हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण लांब, मऊ शॉकअपवर भारी माल टाकला की गाडी मागून बसते.
- बसायची सोय: युटिलिटीत सपाट बाक. चढायला-उतरायला सोपं, दिवसात चाळीस वेळा उतरलं तरी त्रास नाही. स्पोर्टमध्ये खोल बकेट सीट, माणूस आत रुतून बसतो. तुमच्या गिऱ्हाइकात आजी-आजोबा असतील तर ही गोष्ट एचपीपेक्षा मोठी.

स्पोर्टचं वरचं टोक आता कुठे पोचलंय तेही बघा. आरझेडआर प्रो आर मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि २२५ एचपी आहेत. तिची स्पोर्ट आवृत्ती २०२३ मध्ये भारतात आली, किंमत ५९ लाख रुपये. कॅनडाच्या कॅन-ॲमची मॅव्हरिक आर २४० एचपीची. या गाड्या कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकड्यांसाठी आहेत. चार एकरात २४० एचपी म्हणजे अंगणात विमान.

उलट टोक म्हणजे कुबोटाची आरटीव्ही एक्स ११००. तिचं डिझेल इंजिन २५ एचपीच्याही आतलं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात. हौद्यात मात्र ती सुमारे ५०० किलो घेते. रील काढायला या गाडीत काहीच नाही, काम करायला सगळं आहे.

बेल्टची गोष्ट, जी शोरूमवाला सांगत नाही

माझं शेती-अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. यंत्र विकताना जे बोललं जातं आणि यंत्र दुरुस्तीला आल्यावर जे दिसतं, त्यातलं अंतर मी रोज बघतो. म्हणून हा भाग लक्ष देऊन वाचा.

बहुतेक साइड-बाय-साइड गाड्यांत गिअर बदलायचे नसतात. आपल्या स्कूटरसारखी दोन पुली आणि मध्ये रबरी बेल्ट, अशी सीव्हीटी असते. चालवायला सोपी, पण बेल्टचा शत्रू एकच, उष्णता. ट्रॉली ओढताना, उभा चढ चढताना, मऊ वाळूत रुतल्यावर गाडी हाय रेंजमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की पुलीवर बेल्ट घसरतो, तापतो आणि तुटतो. साधा नियम: भार, चढ आणि हळू वेग यांतलं काहीही असेल तर लो रेंज. हा नियम ड्रायव्हरला पाठ नसेल तर वर्षाचा नफा बेल्टवरच जाईल.

धुळीचंही तेच. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे लाल मातीची धूळ किती उडते ते तुम्हाला माहीत आहे. इंजिनाचा एअर फिल्टर आणि सीव्हीटीला थंड ठेवणारी हवा जिथून आत येते ती जाळी, दोन्ही साफ करणं हे रोजचं काम आहे, महिन्याचं नाही.

सगळ्याच गाड्या बेल्टवर नसतात. होंडाच्या पायोनिअर १००० आणि टॅलनमध्ये कारसारखा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. कुबोटाची आरटीव्ही हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालते. यामाहाच्या वायएक्सझेड १००० आरमध्ये गिअर हाताने टाकायचे. पण गाडी कुठलीही असो, पहिला प्रश्न एकच विचारा: "हा पार्ट तुटला तर माझ्या गावात किती दिवसांत येईल?" या गाड्या आयात होतात, त्यांचे पार्टही आयात होतात. सीझनमध्ये पार्टसाठी गाडी तीन आठवडे उभी राहिली तर हप्ता थांबत नाही.

तिसरा भाऊ: थोडं काम, थोडी मजा

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी मधल्या गाड्याही आहेत. पोलारिस जनरल, कॅन-ॲम कमांडर, यामाहा वुल्व्हरीन आरमॅक्स. जनरल साधारण १०० एचपीची, हौद्यात ६०० पौंड म्हणजे २७० किलो आणि १,५०० पौंड म्हणजे ६८० किलोच्या आसपास ओढते.

वाचायला छान वाटतं. पण "दोन्ही येतं" याचा अर्थ "दोन्हीत पहिला नंबर" असा होत नाही. ती रेंजरएवढा माल नेणार नाही आणि आरझेडआरसारखी उडणार नाही. घरच्या वापरासाठी मधली गाडी बहुतेकांना पुरते. धंद्यासाठी घेताना मात्र विचारा की मधल्या गाडीवर गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देणार? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर थांबा.

आता गल्ल्याचं गणित

खालचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले आकडे घालून हेच गणित पुन्हा करा. पद्धत महत्त्वाची.

समजा गाडी २० लाखांची. स्पोर्ट आणि युटिलिटी दोन्ही तुलनेसाठी एकाच किमतीच्या धरू. ५ लाख तुमचे, १५ लाख कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता येतो सुमारे ३३,४०० रुपये. पाच वर्षांत १५ लाखांचे जवळपास २० लाख भरावे लागतात.

धंद्याचे दिवस किती? शनिवार-रविवार मिळून नोव्हेंबर ते मे सुमारे ६० दिवस, वर सणासुदीच्या सुट्ट्यांचे १०. म्हणजे ७० दिवस. पावसाळ्यात चिखलात मजा येते हे खरं, पण गाडी घसरण्याचा धोकाही तेव्हाच वाढतो, म्हणून ते दिवस गणितात धरायचे नाहीत. मिळाले तर बोनस.

पहिली बाजू, दोन सीटची स्पोर्ट गाडी:

- हप्ता ३३,४०० + प्रशिक्षित ड्रायव्हर १८,००० + विमा व दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे १५,००० = महिना ६६,४००.
- वर्षाला ७,९६,८००. भागिले ७० दिवस = दिवसाला सुमारे ११,४००.
- ड्रायव्हर आपला, म्हणून एका फेरीत गिऱ्हाईक एकच. तिकीट ८००, पेट्रोल आणि झीज २००, हातात ६००.
- म्हणजे दिवसाला १९ फेऱ्या फक्त खर्च भरून काढायला. एक फेरी चढ-उतारासकट २० मिनिटं धरली तर सहा तासांहून जास्त वेळ गाडी एक मिनिटही रिकामी राहता कामा नये. गल्ल्यात १५,२०० आले की तुम्ही शून्यावर आलात. नफा विसाव्या फेरीपासून.

दुसरी बाजू, सहा सीटची युटिलिटी, जी रेंजर क्रू किंवा कॅन-ॲम डिफेंडर मॅक्समध्ये मिळते:

- हप्ता ३३,४०० + ड्रायव्हर १८,००० + विमा व दुरुस्ती १०,००० = महिना ६१,४००. वर्षाला ७,३६,८००.
- आता हीच गाडी सोमवार ते शुक्रवार शेतावर राबते. खताच्या गोण्या, फवारणीची टाकी, काढलेला माल, कुंपणाचे खांब. महिन्यात १२ दिवस, दिवसाला १,५०० रुपयांची मजुरी-भाडं वाचलं आणि असे १० महिने धरले तर वर्षाला १,८०,०००.
- उरले ५,५६,८००. भागिले ७० = दिवसाला सुमारे ८,०००.
- अर्ध्या तासाची शिवारफेरी, पाच जागांपैकी सरासरी चार भरतात, माणशी २५०. फेरीचे १,०००, खर्च २००, हातात ८००. म्हणजे १० फेऱ्या, आणि १०,००० चा गल्ला झाला की शून्यावर.

दोन्हीकडे लागणाऱ्या वेळेत फार मोठं अंतर नाही. फरक आहे तो टेकूचा. स्पोर्टला वीकेंडचे १५,२०० लागतात आणि आठवड्यातले पाच दिवस ती ताडपत्रीखाली झोपते. युटिलिटीला १०,००० पुरतात, कारण बाकीचा भार शेतातलं काम उचलतं. एखाद्या वीकेंडला अवकाळी पाऊस आला तरी सोमवारी गोण्या वाहायच्याच असतात.

पण उलटही लक्षात घ्या. शेतात रोजचं ओझं नसेल, चार एकरांत दोन एकर माळच असेल, तर "आठवड्याचं काम" हा आकडा कागदावरच राहील. त्या १,८०,००० च्या जागी शून्य टाका आणि परत भागाकार करा. स्वतःला फसवू नका, बँक फसत नाही.

या गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. धंदा सीटवर चालतो, एचपीवर नाही. स्पोर्ट गाडी चार सीटची घेतली आणि तीन गिऱ्हाइकं ६०० रुपयांनी बसली, तर फेरीचे १,८०० येतात. खर्च ३०० धरला तरी हातात १,५०० राहतात आणि १९ ऐवजी ८ फेऱ्यांत खर्च निघतो. चार सीटवाली महाग असते, तो फरक तुमच्या गणितात घाला. पण दोन सीटच्या गाडीवर राइडचा धंदा करणं म्हणजे एका खुर्चीचं सलून महामार्गावर उघडणं.

पैशापेक्षा मोठी जोखीम

हप्ता थकला तर गाडी जाईल. गिऱ्हाइकाचं पोर दगावलं तर सगळंच जाईल. म्हणून हा भाग गणितानंतर आला असला तरी वजनाने पहिला आहे.

यामाहाच्या ऱ्हायनोचं उदाहरण प्रत्येक राइडवाल्याला माहीत हवं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपनीसोबत मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर केली. आयोगाने तपासलेल्या ५० हून अधिक दुर्घटनांत ४६ जणांचा मृत्यू झाला होता. दोन तृतीयांशाहून जास्त प्रकरणांत गाडी उलटली होती. आणि खरी धडकी भरवणारी गोष्ट अशी, की उलटण्याच्या अनेक घटना बेताच्या वेगात, सपाट जमिनीवर वळताना घडल्याचं दिसत होतं. दरीत नाही, उडी मारताना नाही. उपाय म्हणून मागच्या चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवली आणि मागचा अँटी-स्वे बार काढला.

असं का होतं? या गाड्यांचं पोट जमिनीपासून उंच असतं, म्हणजे भारही उंचावर. त्या मानाने रुंदी कमी. अशात झटक्यात वळवलं की आतली चाकं उचलतात. गाडी कलली की माणूस नकळत हात-पाय बाहेर टाकून तिला "धरायला" जातो, आणि तोच हात सहा-सातशे किलोच्या गाडीखाली येतो. म्हणून रुंद स्पोर्ट गाडी, उदाहरणार्थ ६४ इंची आरझेडआर किंवा ७२ इंची मॅव्हरिक, वळणावर जास्त ठाम असते. पण ठाम आहे म्हणून लोक तिला जास्त पळवतात. उलट युटिलिटीचा हौदा उंच भरला, वर माणसं बसवली, तर हळू चालणारी गाडीही धोक्याची होते. हौद्यात माणूस बसवायचा नाही. एकदाही नाही, फोटोपुरताही नाही.

राइड सुरू करणार असाल तर हे नियम भिंतीवर रंगवा:

1. गाडी आपलाच ड्रायव्हर चालवणार. "दोन मिनिटं मला द्या ना" याला उत्तर नाही.
2. सीटबेल्ट आणि हेल्मेट लागल्याशिवाय गाडी चालू होणार नाही.
3. दाराची जाळी लावलेली, हात-पाय आत.
4. ज्याची पाठ सीटला टेकली असताना पाय फरशीला टेकत नाहीत आणि हात दांडीला पोचत नाहीत, त्याला बसवायचं नाही. मग आईवडिलांनी कितीही आग्रह करू दे. मांडीवर मूल तर मुळीच नाही.
5. जितक्या सीट तितकीच माणसं.
6. सकाळी पहिल्या फेरीआधी टायर, ब्रेक, बेल्ट, नट-बोल्ट तपासून वहीत सही.

आणखी एक. जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून उडी मारू नका. आरझेडआर ९०० आणि १००० या सव्वा लाखाहून जास्त गाड्या २०१६ मध्ये अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळे परत बोलवाव्या लागल्या होत्या. २०१८ मध्ये कंपनीने दोष वेळेत न कळवल्याच्या आरोपावरून २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरायचं मान्य केलं. जुनी गाडी घेताना चेसिस नंबरवरून परत-बोलावणीची दुरुस्ती झाली की नाही ते कंपनीच्या डीलरकडून लेखी घ्या. आणि वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करायची नाही, हे ड्रायव्हरला दर उन्हाळ्यात नव्याने सांगा.

कागद, जागा आणि शेजारी

ही गाडी रस्त्यावर चालते का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या वाहनाला नोंदणी लागते. या गाड्या बहुतेक "फक्त ऑफ-रोड" म्हणूनच विकल्या जातात. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून नोंदणीयोग्य करून भारतात आणली होती, पण तो अपवाद. म्हणजे तुमच्या शेताचे दोन तुकडे गावरस्त्याच्या दोन बाजूंना असतील, तर रस्ता ओलांडण्याचाही प्रश्न येतो. युटिलिटी घेणाऱ्यांनी हे आधी तपासा, कारण कामाची गाडीच रोज इकडून तिकडे जाणार.

आरसी बुक नाही म्हणजे नेहमीचं वाहनकर्ज आणि नेहमीचा वाहनविमा मिळेल असं गृहीत धरू नका. बँकेला आणि विमा एजंटला आधी भेटा. विम्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: गाडीचं नुकसान, गिऱ्हाइकाची इजा, त्रयस्थाची इजा. "होऊन जाईल साहेब" हे लेखी नसतं.

महाराष्ट्र सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आणि साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ चं आहे. साहसी उपक्रमासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. हुर्डा पार्टीला शिवारफेरी देणं आणि तिकीट लावून धावपट्टी चालवणं हे सरकारी नजरेत एकच असेल असं समजू नका. विभागीय कार्यालयात जाऊन आपला उपक्रम कशात बसतो ते विचारून या.

कोकणातल्या मित्रांनो, किनारा आपल्या घरासमोर आहे म्हणून तो आपला ट्रॅक होत नाही. किनारा सीआरझेडमध्ये येतो. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही नेमकी आपल्या सीझनमध्ये. वाळूखालची घरटी वरून दिसत नाहीत, टायरखाली मात्र येतात. वनजमिनीला लागून सडा असेल तर हद्द मोजून घ्या.

आणि शेजारी. अमेरिकेत युटा राज्यातलं मोआब हे या गाड्यांचं पंढरपूर म्हणावं असं गाव. भाड्याने गाड्या देणाऱ्यांची दुकानंच दुकानं. पण गावातल्या लोकांना दिवसभराचा आवाज असह्य झाला आणि २०२१ मध्ये शहराने आवाजावर मर्यादा आणली. जिथे धंद्याने गाव जगवलं तिथेही गाव वैतागलं. तुमच्या वाडीत तर पहिल्या रविवारीच तक्रार होईल. स्पोर्ट गाडीचा आवाज मोठा, फेऱ्या जास्त. ट्रॅक आखण्याआधी शेजारच्या काकांच्या ओट्यावर बसून चहा घ्या आणि वेळ ठरवून टाका.

किंवा काहीच घेऊ नका

हा पर्यायही मांडतो, कारण तो मांडायला कुठला सेल्समन येणार नाही. शेतात मशागत करायची असेल तर छोटा ट्रॅक्टर घ्या. रोटाव्हेटर साइड-बाय-साइडला चालत नाही. माल बाजारात न्यायचा असेल तर छोटा टेम्पो घ्या, त्याला नंबरप्लेट असते. पाहुण्यांना डोंगर दाखवायचा असेल तर नोंदणी केलेली चार-बाय-चार जीप रस्त्यावरूनही जाते, आणि तिचे पार्ट तालुक्याला मिळतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शिवारफेरी करायची आहे, असं म्हणत शहरातली पोरं येतातच.

साइड-बाय-साइडची खरी जागा तिथे, जिथे ट्रॅक्टर मोठा पडतो आणि मोटरसायकल छोटी. बागेच्या दोन ओळींमधून, ओल्या उतारावरून, लॉनची माती न उखडता माल आणि माणसं न्यायची असतील तर युटिलिटी. काही युटिलिटी गाड्यांत मागची चाकं वेगवेगळी फिरू देणारा टर्फ मोड असतो, तो लॉनसाठीच. आणि मोठी, कुंपण घातलेली, सलग जागा, पैसे मोजणारा शहरी गिऱ्हाईक, दोन तासांच्या आत महानगर आणि हाताशी मेकॅनिक, हे सगळं एकत्र असेल तरच स्पोर्ट.

खरेदीआधी दहा प्रश्न

1. आठवड्याचे सात दिवस गाडी काय करणार, ते वारानुसार लिहिलंय का?
2. दिवसाला किती फेऱ्यांत खर्च निघतो, तो आकडा तोंडपाठ आहे का?
3. निम्मीच गिऱ्हाइकं आली तर हप्ता कुठून भरणार?
4. जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर?
5. बेल्ट, फिल्टर, टायर, ब्रेक पॅड यांचे भाव लेखी मिळाले का?
6. विम्यात गिऱ्हाइकाची इजा धरली आहे का?
7. नोंदणी आणि परवानगीबद्दल सरकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारलं का?
8. ड्रायव्हर कोण, आणि तो आजारी पडला तर कोण?
9. तीन महिने गाडी भाड्याने किंवा भागीदारीत चालवून बघता येईल का?
10. घरातल्यांना तारण म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलंय का, फक्त सही घेतलेली नाही ना?

दहापैकी सातांची उत्तरं कागदावर असतील तर शोरूमला जा. त्याहून कमी असतील तर पैसे बँकेत राहू द्या, त्यांना तिथे काही होत नाही. दहावा प्रश्न मात्र सुटलेला असलाच पाहिजे. त्याला सूट नाही.

आज संध्याकाळी एकच काम करा. वरच्या गणितात तुमच्या गावचे आकडे घाला: तुमचा दर, तुमचे दिवस, तुमची मजुरी. दिवसाचा गल्ला किती लागतो तो आकडा काढा आणि पुढच्या रविवारी जवळच्या कुठल्याही राइडवाल्याकडे जाऊन दोन तास नुसते उभे राहून गिऱ्हाइकं मोजा. मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा शेजारी-शेजारी लिहा. कुठली गाडी घ्यायची, आणि घ्यायची की नाही, ते त्या दोन आकड्यांतच दिसेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!